निळं झाकण

फोरमनने फिल्टर तळहातावर उलटा करून आपटला. डिझेलच्या दोन-चार काळपट थेंबांबरोबर साखरेसारखे पांढरे खडे हातावर पडले. त्याने एक खडा बोटांत चुरडला, नाकाजवळ नेला आणि मान हलवली.

"युरिया आहे. डिझेलच्या टाकीत युरिया ओतलाय कुणीतरी."

गाडीभोवती माणसं जमली होती. सकाळी भर गर्दीत ही बस पुलाच्या मध्यावर दोन-तीन आचके देऊन बंद पडली होती. साठेक माणसं उतरून पायी गेली, मागे अर्धा तास रांग लागली, आणि शेवटी साखळी लावून तिला वर्कशॉपपर्यंत ओढत आणावं लागलं होतं.

"मेली का हो?" ड्रायव्हरने विचारलं.

"पंप गेला, नोझल गेली, सगळी लाइन उतरवावी लागेल. महिनाभर तरी ही उठत नाही."

"तरीच. पुलावर चढताना माझ्याशी बोलतच नव्हती. बायको रुसल्यावर करते ना, तसं."

सगळ्यांच्या नजरा हळूहळू एकाच बाजूला वळल्या. टायरच्या ढिगाशी नवी बाई उभी होती. तिला डेपोत लागून सोळा दिवस झाले होते आणि नोकरी कच्ची होती. सकाळी गाड्या बाहेर पडायच्या आधी त्यांच्यात युरियाचं पाणी भरायचं, एवढंच तिचं काम.

"मी निळ्या झाकणातच ओतते," ती म्हणाली. "दर वेळी बघून ओतते."

"मग हे काय आभाळातून पडलं?" फोरमनने तळहात तिच्यापुढे धरला.

तिच्या शेजारीच थेंबकाका उभे होते. सकाळी युरियाचं पाणी भरणारे दोघंच, ती आणि काका. पण काकांकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

काकांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तेवढंच. एकतीस वर्षं त्यांनी गाड्यांत इंधन भरलं आणि एकतीस वर्षांत जमिनीवर थेंब सांडला नाही, म्हणून थेंबकाका. आठ-नऊ वर्षांपूर्वी नव्या गाड्या आल्या, तेव्हा डिझेलच्या टाकीला चिकटून आणखी एक लहान टाकी आली, निळ्या झाकणाची. तिच्यात युरियाचं पाणी. डिझेल जळलं की धुरात एक विषारी वायू तयार होतो. हे पाणी सायलेन्सरमध्ये फवारलं की त्या विषाची साधी हवा आणि वाफ होते. हे शिकवायला एक साहेब आले होते. काकांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं, "आजपासून मी धुराला अंघोळ घालतो."

"घाला," ती म्हणाली. "आणि घरात यायच्या आधी स्वतःलाही घाला. कपड्यांना कसला उग्र वास येतोय."

ती जाऊन चार महिने झाले होते.

काका त्या दिवशी आपल्या जागी परत गेले. रिकामे कॅन एकावर एक रचले, नरसाळी धुऊन पालथी घातली, आणि मग कोरडे झालेले हात पुसतच राहिले. कारण ती गाडी कुणी भरली होती हे त्यांना ठाऊक होतं.

पूर्वी ही चूक करू म्हटलं तरी करता आली नसती. युरियाची मोठी टाकी होती, तिला नळी होती, आणि त्या नळीला अक्कल होती. गाडीच्या निळ्या तोंडात आतून चुंबकाचं कडं असतं; ते जवळ आल्याशिवाय नळी थेंब सोडत नसे. तीन आठवड्यांपूर्वी ती बिघडली. मॅनेजरने वर कळवलं, वरून अजून काही आलं नव्हतं. तोपर्यंत वीस लिटरचे कॅन आणि नरसाळं.

दुसरी गोष्ट काकांची स्वतःची. डिझेल भरणारा माणूस पहाटेच येऊन सगळ्या गाड्या भरून जाई. एकदा त्याने झाकण नीट लावलं नाही आणि रस्ताभर डिझेल सांडलं. तेव्हापासून काकांनी नियम केला होता: तू झाकणं उघडीच ठेव, साखळीवर लटकू दे, शेवटी दोन्ही झाकणं मीच लावणार. म्हणजे काका युरिया भरायला येत तेव्हा डिझेलचं तोंड शेजारीच आ वासून उघडं असे. इतक्या वर्षांत त्याचं कधी काही बिघडलं नव्हतं.

आणि तिसरी गोष्ट कुणालाच माहीत नव्हती.

काका रोज साडेसात वाजता घरी फोन लावायचे. बायकोला रक्तदाबाची गोळी असायची, उपाशीपोटी घ्यायची. ती विसरायची. म्हणून काका एका हातात नळी, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन, असे उभे राहून विचारायचे, "घेतलीस?"

"घेतली हो."

"खरं सांग."

"आता तुमच्यासमोर घ्यायची का? या मग घरी, दाखवते."

अकरा वर्षं हेच बोलणं. शेवटच्या दिवशीही हेच झालं होतं. तिने गोळी घेतली होती, पाकिटात त्या दिवसाचा खड्डा रिकामा होता. दुपारी ती खुर्चीत बसल्या बसल्या गेली. डॉक्टर म्हणाले, कधी कधी होतं असं.

ती गेल्यानंतर काका आठ दिवसांनी कामावर आले. साडेसात वाजले आणि हाताने फोन लावला. घरी फळीवर ठेवलेला तिचा फोन वाजत राहिला. काका ऐकत राहिले. मग तेही रोजचं झालं. रात्री झोपण्याआधी ते तिचा फोन चार्जिंगला लावत, सकाळी त्याला हाक मारत. रिकाम्या घरात तो वाजतोय, फळीवर थरथरत पुढे सरकतोय, हे त्यांना दिसायचं. कुणी उचलणार नाही हे त्यांना कळत होतं. ते काही वेडे नव्हते. पण घरात काहीतरी वाजतंय, एवढं पुरे व्हायचं.

मागच्या महिन्यात लेक येऊन राहिली होती. तिने आईचा फोन हातात घेतला आणि म्हणाली, "बाबा, यावर अठ्ठ्याहत्तर मिस्ड कॉल आहेत. सगळे तुमचे."

"खिशात बटण दाबलं जातं," काका म्हणाले.

"हो, होतं असं," लेक म्हणाली आणि फोन होता तिथे ठेवून दिला.

त्या सकाळी मात्र फोन वाजला नव्हता. आदल्या दिवशी अंगात कणकण होती म्हणून काका लवकर झोपले आणि चार्जिंग राहून गेलं. साडेसातला ते फाटकाकडून अकराव्या गाडीपाशी आले होते. नवी बाई भिंतीकडून भरत येत होती. काकांनी कॅन उचलला, फोन कानाशी धरला, आणि वाजण्याऐवजी फोनमधली बाई स्वच्छ आवाजात म्हणाली, "आपण संपर्क करू इच्छित असलेला क्रमांक बंद आहे."

चार महिन्यांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. तिने पुन्हा सांगितलं. काका उभे राहिले. हात आपलं काम करत राहिले. कॅन कलता झाला, रिकामा झाला, दोन्ही झाकणं लागली. पुढच्या गाडीला जाताना आपण काय केलं यातलं त्यांना काहीच आठवत नव्हतं. फक्त ते वाक्य आठवत होतं.

---

संध्याकाळी मॅनेजरने सगळ्यांना बोलावलं.

"परवा वरून माणसं येतायत. मला नाव पाहिजे. अकरावी गाडी कुणी भरली?"

बाई खाली बघत होती. "सर, मी रोज नऊ-दहा गाड्या भरते. मधल्या गाडीला कधी काका पोचतात, कधी मी. आज कोण पोचलं ते..."

"आठवत नाही?"

"नाही आठवत."

"दिवा लागलेला होता सर," ड्रायव्हर मध्येच म्हणाला. "युरिया संपल्याचा. मला वाटलं, आत्ताच तर भरलंय, विझेल जरा वेळाने. मी तरी काय करणार? दिव्याला फुंकर मारू?"

"तू गप्प बस."

"बसतो. पण चोर सोडून संन्याशाला फाशी नको, एवढंच म्हणतोय."

"संन्यासी कोण आणि चोर कोण?" फोरमन म्हणाला. "काका एकतीस वर्षं भरतायत, ही सोळा दिवस. हिशेब सोपा आहे."

काकांनी तोंड उघडलं. तेवढ्यात मॅनेजर त्यांच्याकडे वळून म्हणाला, "काका, तुम्ही जा. तुम्हाला उगाच थांबवून ठेवलं. दमलेले दिसताय." आणि काका गेले. जिना उतरताना त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी कठडा घट्ट धरला. गाडी आपण बिघडवली हे सांगायला ते कचरत नव्हते. चार महिन्यांनी ते निवृत्तच होणार होते; फार तर फार काय झालं असतं? पण मग पुढचा प्रश्न येणार होता. कसं झालं काका? आणि त्याचं उत्तर द्यायचं तर घराचं दार या सगळ्यांसमोर सताड उघडावं लागणार होतं. पोरं चहाच्या टपरीवर सांगतील, थेंबकाकांचं डोकं फिरलंय, मेलेल्या बायकोला फोन लावतो. तिचं हसं होईल. ती असताना कधी कुणासमोर मोठ्याने हसली नव्हती.

दुसरा दिवसही तसाच गेला. रात्री लेकीचा फोन आला.

"जेवलात का बाबा?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"तेच, कालचं."

"आवाज असा का येतोय?"

"कसा?"

"असाच. लहानपणी मी काहीतरी फोडून लपवून ठेवायची, तेव्हा माझा यायचा तसा."

काका हसले आणि फोन ठेवला. मग बराच वेळ दिवा न लावता बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवी बाई त्यांच्याजवळ आली. तिच्या हातात कागद होता.

"काका, तुम्हाला वाचता येईल का नीट? मला त्यातली भाषा कळत नाही."

काकांनी वाचलं. 'माझ्या निष्काळजीपणामुळे' अशी सुरुवात होती. खाली सहीसाठी जागा.

"हे कुणी दिलं?"

"साहेबांनी. काल संध्याकाळी दिला. म्हणाले, सही करून आण आणि मग येऊ नको. वर जास्त काही कळवत नाही, नाहीतर दुसरीकडेही कुणी ठेवणार नाही." तिने कागद परत घेतला आणि घडी घालू लागली. "करून टाकते. माझ्याकडूनच झालं असेल काका. मी दोन रात्री आठवून आठवून बघितलं. आता तर मला दिसतं पण, मी डिझेलमध्ये ओततेय असं. तुमच्या हातून तर होणार नाही ना?"

हे ती खरं मानून विचारत होती. न केलेली चूक तिला दिसायला लागली होती.

"दे इकडे," काका म्हणाले. कागद घेऊन ते जिना चढले. ती मागोमाग आली.

मॅनेजरच्या खोलीत फोरमन चहा पीत बसला होता.

"अकरावी गाडी माझ्या हातून झाली," काकांनी उभ्या उभ्याच सांगितलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मॅनेजर हसला. "बसा काका. मला माहीत होतं तुम्ही येणार. तिला मुलगी आहे, एकटी कमावते, सगळं माहीत आहे मला. पण दया दाखवायची ही जागा नाही."

"दया नाही. मीच ओतलं."

"जन्मात थेंब सांडला नाही," फोरमन म्हणाला, "आणि एकदम वीस लिटर? काका, खोटं बोलायलाही सराव लागतो. तुम्हाला जमणार नाही, जा."

काका तिथेच उभे राहिले. इतकी वर्षं जपलेलं नाव आज त्यांच्याच आड येत होतं. दारात नवी बाई थांबली होती.

"मी फोन लावत होतो," ते म्हणाले.

"कुणाला?"

"घरी."

"घरी कोण असतं काका आता?" फोरमनने विचारलं. विचारून झाल्यावर त्याने कप खाली ठेवला.

"कोणी नाही."

काकांनी खिशातून फोन काढला, यादी उघडली आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. मॅनेजरने अंगठ्याने यादी वर सरकवली. घर, सात तीस. घर, सात तीस. घर, सात एकतीस. तो सरकवत राहिला, यादी संपेना. मग त्याने हात काढून घेतला.

"रोज साडेसातला वाजायचा," काका म्हणाले. "परवा वाजला नाही. चार्ज करायचा राहिला होता. बंद आहे म्हणाली. त्यानंतर कुठे ओतलं ते मी बघितलं नाही. निळ्या टाकीत बघा, कोरडी असेल. एवढंच आहे."

मॅनेजरने नवा कागद पुढे ओढला.

"तब्येत बरी नव्हती असं लिहू. वय झालंय, चक्कर आली. लोक समजून घेतील."

"तब्येत बरी होती. लक्ष नव्हतं. तेच लिहा."

"काका..."

"आणि नळी तीन आठवडे बंद आहे, झाकणं उघडी ठेवायची पद्धत माझी आहे, तेही लिहा. वरच्यांना कळू दे. नाहीतर पुन्हा होईल."

मॅनेजरने फोरमनकडे पाहिलं. फोरमन खिडकीबाहेर बघत होता. शेवटी काका सांगत गेले आणि मॅनेजर लिहीत गेला. काकांनी सही केली. बाईचा कागद त्यांनी मधोमध फाडला आणि टेबलाखालच्या डब्यात टाकला.

जिन्याखाली ती त्यांची वाट बघत होती. काकांना वाटलं, ती आभार मानेल. आता तेवढं ऐकून घ्यावं लागणार.

"दोन दिवस," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता. "दोन दिवस तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी पोरीला सांगून बसले, आईची नोकरी गेली. ती म्हणाली, तू असं का केलंस? आणि मी तिला म्हटलं, चुकून झालं गं. न केलेल्या गोष्टीची पोरीकडे माफी मागितली मी काका."

"चुकलं माझं."

"तुमचं दुःख आहे, कळतं मला. माझाही नवरा गेलाय. पण म्हणून दुसऱ्याच्या अंगावर नाही टाकत कोणी."

ती निघून गेली. काका तिथेच पायरीवर बसले. ते लेकीला फोन लावणार होते, खरं काय ते सांगणार होते. पण त्यांना आधी थोडं बसायचं होतं.

---

वरून माणसं आली, कागद बघितले, गेली. काकांना कॅनला हात लावायची मनाई झाली. उरलेले चार महिने त्यांनी नुसतं बघायचं होतं. नळी येईपर्यंत नियम असा ठरला की एकाने ओतायचं आणि दुसऱ्याने वाकून झाकणाचा रंग बघायचा, मोठ्याने सांगायचा. झाकणं आता डिझेलवालाच लावून जायचा. ज्या माणसाने चूक केली त्यालाच बघायला का ठेवलं, असं कुणीतरी विचारलं. "पुन्हा तो कधी चुकेल का?" फोरमन म्हणाला, आणि विषय संपला. टपरीवरही कुणी काही बोललं नाही. ड्रायव्हर फक्त एकदा चहाचा ग्लास काकांच्या हातात देऊन शेजारी बसला आणि पहिल्यांदाच पाच मिनिटं गप्प राहिला.

पहिले काही दिवस नवी बाई काकांकडे बघत नसे. कॅन उचलून गाडीजवळ यायची आणि समोर बघत म्हणायची, "बघा." काका वाकायचे, बोटाने झाकणाला स्पर्श करायचे आणि सांगायचे, "निळं." मग ती ओतायची. बावीस गाड्या, बावीस वेळा. दोघांत दुसरा शब्द नाही.

नवव्या की दहाव्या दिवशी आकाश दाटलेलं होतं आणि दिवे अजून चालू होते. अकराव्या जागेवर आता दुसरी गाडी उभी राहायची. बाईने भरलेला कॅन उचलून कमरेवर घेतला, आणि म्हणाली, "बघा."

काका वाकले नाहीत. ते गाडीच्या पत्र्याला एक हात लावून उभे होते आणि दुसरा हात फोनच्या खिशाकडे न नेता अंगाशी सरळ धरून होते. भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या पाठीमागे होतं, साडेसात वाजले होते. तिने ते पाहिलं. मग तिने काकांकडे पाहिलं, किती तरी दिवसांनी.

वीस लिटरचा कॅन जड असतो. तो खाली ठेवायला जागा होती. मागून ड्रायव्हरने हॉर्न दिला. तिने त्याच्याकडे नुसती मान वळवली आणि त्याने हॉर्न बंद केला. कॅन कमरेवरून घसरू लागला तसा तिने गुडघा वर करून त्याला आधार दिला, पकड बदलली, आणि तशीच उभी राहिली. पुन्हा "बघा" म्हणाली नाही.

बऱ्याच वेळाने काका हळूहळू वाकले. त्यांनी झाकणाला बोट लावलं.

"निळं," ते म्हणाले.

मग तिने कॅन कलता केला.